शून्य वजावट

त्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेश चाचणीच्या सकाळी लातुरात इतक्या आज्या वारल्या की कुणाला तरी संशय यायला हवा होता. आला नाही, कारण दुपारी जेवणाच्या वेळेला त्या सगळ्या जिवंत झाल्या. परीक्षा केंद्राच्या गेटाबाहेर पालकांच्या घोळक्यात उभं राहून बिराजदार सरांनी ते दृश्य डोळे भरून पाहिलं. डोळे सुजलेली पोरं पेपर संपवून बाहेर येत होती आणि त्यांच्या आया त्यांना छातीशी धरून हसत सांगत होत्या, "काही झालं न्हाई रे लेकरा, आजी घरी शेंगा फोडूलालीय." एक पोरगं ते ऐकून तिथंच ओकलं. एका मुलीनं बापाच्या थोबाडीत मारली. बाकीची नुसतीच उभी राहिली. आनंद व्हायला हवा हे त्यांना कळत होतं, तो आणायचा कुठून ते कळत नव्हतं. सरांनी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. त्यांचा जीव निकालात अडकला होता, आणि निकाल लागला तेव्हा त्यांच्या क्लासमधल्या एकाही मुलाची वजावट झालेली नव्हती.

हे प्रकरण नीट समजायला जरा मागं जावं लागेल.

नागनाथ बिराजदार मूळचे औसा तालुक्यातले. बाप पिठाच्या गिरणीवर कामाला, आणि पोराला डॉक्टर व्हायचं होतं. दोनदा परीक्षेला बसला, दोन्हीदा थोडक्यात हुकला. दुसऱ्या खेपेला शेजारच्या बाकावर शहरातल्या नावाजलेल्या क्लासचा एक मुलगा होता. नागनाथ एकेका प्रश्नावर कपाळाला आठ्या घालून विचार करत बसला होता आणि तो मुलगा प्रश्न पुरता न वाचताच उत्तराला खूण करून पुढं सरकत होता. वेळ संपली तेव्हा नागनाथचे कितीतरी प्रश्न कोरेच होते. गावाकडं परतताना एसटीत त्याला जे उमगलं त्यावर त्यानं पुढं अख्खा क्लास उभा केला. परीक्षेत विचार करणारा मरतो.

सरांची पद्धत तशी साधी होती. एकच प्रश्न कपडे बदलून बदलून मुलांपुढं आणायचा, इतक्यांदा की डोळा शेवटच्या शब्दापर्यंत पोचायच्या आत हात उत्तरावर जावा. "कळलं का?" असं ते वर्गात कधी विचारत नसत. "हात गेला का?" असं विचारत. हात अडखळला की पोरगं उभं राहायचं आणि उरलेला तास उभ्यानंच सोडवायचं. पालकांची तक्रार नव्हती, कारण पोरं खरोखर डॉक्टर होत होती. बिराजदार सर वाईट शिक्षक होते असं कुणी म्हणू नये. ते फार चांगले शिक्षक होते, फक्त शिकवत नव्हते.

मग चाळणी आली.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं, पोरांनी त्याची चाळणी केली. दिसायला चष्म्याच्या फ्रेमसारखं. ते डोळ्यांवर चढवून पडद्यावरचे प्रश्न सोडवायचे, आणि आतले दोन बारीक कॅमेरे तेवढा वेळ डोळ्यांतल्या बाहुल्या बघत बसायचे. उजेड कमीजास्त झाला की बाहुली लहानमोठी होते हे शाळेतलं पोरही सांगेल. पण उजेड तोच असला तरी ती हलते. मेंदूच्या देठाशी एक निळसर ठिपका असतो, मन जागं झालं की तो बाहुलीची दोरी ओढतो. ओळखीचं काही दिसलं तर बाहुली पापणी लवायच्या आत किंचित रुंदावते आणि लगेच बसते. डोकं चालवावं लागलं तर ती सावकाश रुंदावते आणि उत्तर सापडेपर्यंत तशीच राहते. ज्याचे डोळे त्याला यातलं काहीच कळत नाही, लपवणं तर दूरच. चाळणी या दोन हालचाली अचूक वेगळ्या करायची. बाहुली चटकन उठून बसली आणि उत्तर बरोबर आलं, तर ते घोकलेलं, त्याचे गुण कापायचे. गुणपत्रिकेत गुणांच्या शेजारी एक नवा रकाना आला: वजावट.

हेतू चांगला होता, हे सर सोडून सगळे मान्य करत. ज्याच्यापाशी डोकं आहे पण क्लासची ऐपत नाही, अशा खेड्यातल्या पोराला न्याय मिळावा म्हणून हे सगळं चाललं होतं. म्हणजे गिरणीवाल्याच्या पोरासाठी. चाळणी नागनाथ बिराजदारसाठीच बनवली होती म्हणा ना, फक्त ती यायला एक पिढी उशीर झाला, आणि आली तेव्हा नागनाथ पलीकडच्या बाजूला जाऊन बसला होता.

पहिल्याच वर्षी क्लासेसचं वाटोळं झालं. जितकं घोकलं तितकं कापलं गेलं. चौकाचौकातले टॉपरांचे बॅनर उतरले. कुणी पोरांच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या गोठवून पाहिल्या, चाळणीनं ती चलाखी पहिल्या प्रश्नालाच पकडली. सरांच्या वर्गात रिकाम्या बाकांवर धूळ साचायला लागली.

त्या पडझडीत एकच मुलगी सुटली. तेजस्विनी घोडके. सरांकडं आठवीपासून, घोकण्यात पहिली, आणि वजावट शून्य. सरांनी चौकशी केली तेव्हा कळलं, चाचणीच्या पहाटे तिचे वडील अपघातात गेले होते. मामानं तिला तशीच ओढत केंद्रावर आणून बसवली होती.

सर तडक डॉक्टर सबा मोमीनकडं गेले. सबा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, गावातली नावाजलेली डोळ्यांची डॉक्टर.

"सोपं आहे, सर," ती म्हणाली. "एवढा मोठा धक्का बसला की तो ठिपका सारखा पाझरत राहतो. बाहुली आधीच ताणून रुंद झालेली. भरलेल्या घागरीत आणखी ओंजळभर पाणी ओतलं तर कुणाला कळणार? यंत्राला ओळखीची हालचाल दिसतच नाही. आणि दिसली नाही तर संशयाचा फायदा पोराला द्यायचा, असा नियमच आहे. घाबरट मुलांवर अन्याय नको म्हणून."

"पण बाप गेलेला असताना तिनं पेपर सोडवला कसा?"

"तुमच्यामुळं," सबा म्हणाली. "विचार करून सोडवायचा असता तर एक प्रश्न सुटला नसता. असल्या वेळी डोकं बंद पडतं, पाठ झालेलं तेवढं चालू राहतं."

सरांच्या अंगावर काटा आला. सबाला वाटलं, बिचाऱ्या पोरीच्या आठवणीनं आला. "कशाचा विचार करूलालाव, सर?" तिनं विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले.

आधी त्यांनी नुसत्या भीतीवर भागवून पाहिलं. सराव परीक्षेच्या दारात पोरांना वाट्टेल ते बोलले. पण भीती अर्ध्या तासात ओसरते, पोरं शिव्यांना सरावतात. तीन तास पुरेल असं एकच होतं. मग सरांनी पालकांची बैठक बोलावली, वर्गाची दारं लावून घेतली आणि समजावून सांगितलं. एका सकाळचं रडणं, आणि जन्माची डॉक्टरकी. आया रडल्या आणि हो म्हणाल्या. एकच बाप उठला आणि पोराचं क्लासमधलं नाव काढून निघून गेला. त्याच्या पोराचे गुण कापले गेले, आणि पुढच्या वर्षी तो धाकट्याला घेऊन गुमान परत आला.

आज्या मेल्या त्या अशा.

पण एक खोटं एकदाच विकलं जातं. पुढच्या वर्षीच्या पोरांना सगळं ठाऊक होतं. यंदा कोण मरणार म्हणून वर्गात पैजा लागत होत्या. एका पोरानं तर आजीला फोन करून "तू यंदाबी मरणारेस का?" असं विचारलं आणि म्हातारीनं आठवडाभर अन्न सोडलं. आणि नेमकं त्याच वर्षी सरांची एकुलती एक मुलगी शाल्मली चाचणीला बसणार होती.

शाल्मलीचं दुखणं वेगळंच होतं. ती मुळात डोक्याची पोरगी. लहानपणी एखादं गणित दिलं की जेवण विसरून त्याच्यामागं लागायची. पण सरांनी तिला सहावीपासूनच तयार केलं होतं. जे तिला विचार करून सापडलं असतं ते सगळं सापडायच्या आधीच तिच्या हातात बसलं होतं. आता तिला नवा वाटेल असा प्रश्नच जगात उरला नव्हता. सराव-चाळणीत तिचे गुण कापले जात आणि ती पडद्याकडं बघत बसे. डॉक्टर व्हायचं ते बापाला हवं म्हणून नव्हे, तिला स्वतःलाच मनापासून हवं होतं. आणि ते हातचं चाललेलं तिला रोज दिसत होतं.

ती मन मोकळं करायची ते आईपाशी. संध्याकाळी महानंदाबाई तेलाची वाटी घेऊन बसायच्या, शाल्मली त्यांच्या गुडघ्यांत पाठ करून बसायची, आणि दिवसभराचं सगळं बाहेर पडायचं. कुठला मुलगा आवडतो इथपासून पप्पांची कुठली सवय असह्य होते इथपर्यंत. भिंतीपलीकडच्या वर्गात सरांना त्यांचं हसणं ऐकू यायचं. त्यांना कधी त्या खोलीत बोलावणं नसायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं जरा लागायचंही.

"आई, यंदा पप्पा तुला मारतील बघ," एका संध्याकाळी शाल्मली हसत म्हणाली.

"मारू दे की. तेवढीच मला सुट्टी," महानंदाबाई म्हणाल्या, आणि दोघी खिदळल्या.

पण त्याच रात्री जेवताना शाल्मलीनं विषय काढला. आता ती हसत नव्हती. "पप्पा, ते तुमचं धक्क्याचं माझ्यावर करायचं नाही. मला खोटी बातमी सांगायची नाही. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगा."

सरांनी सदऱ्यातून गळ्यातलं लिंग बाहेर काढलं, मुठीत धरलं. "तुला कुणाच्याही मरणाची खोटी बातमी देणार नाही."

"आईपण देणार नाही."

"आईसुद्धा एक शब्द बोलणार नाही," सर म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना ते सुचलं.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालतात, कपाळभर विभूती लावतात, गळ्यात हार घालून भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. तसंच बसलेलं त्याला विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. शाल्मलीनं आपले आजोबा असेच बसलेले पाहिले होते. तिला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. तिनं फक्त बघायचं होतं.

"आवं, काय बोलूलालाव तुम्ही?" महानंदाबाईंच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "जित्या माणसानं विभूती लावून बसायचं? लेकरापुढं?"

"खोटं काही बोलायचं नाही. आपण गप्प राहायचं, तिनं बघायचं. तेवढंच."

"मला न्हाई जमायचं. माझ्यापाशी सगळं बोलती हो ती. माझ्या एकटीपाशी."

"म्हणूनच तर तू," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "दुसरं कुणी गेलं तर तिला तेवढं लागणार आहे का?"

महानंदाबाई त्या दिवशी नाहीच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाल्या. मग शेवटची सराव परीक्षा झाली. त्या संध्याकाळी शाल्मली तेल लावून घ्यायला बसली. वेणी सोडता सोडता म्हणाली, "आई, मला दुसरं काहीच येत नाही गं. आता मी काय करू?" महानंदाबाईंनी तिची वेणी घातली, उठल्या, वर्गात जाऊन नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय करायचं ते सांगा."

सरांनी त्यांना तयार केलं. शाल्मली अभ्यासिकेत असे तेव्हा दुपारी ते बायकोला भिंतीला टेकवून बसवत. श्वास पोटातून घ्यायचा, छाती हलता कामा नये. शाल अशी घ्यायची की पोट झाकलं जाईल. सगळ्यात अवघड म्हणजे पापण्या. सर मागून अचानक टाळी वाजवत, भांडं आपटत, "शालू पडली!" म्हणून ओरडत. बाईंचे डोळे झटकन उघडत.

"पापणी हलली. पुन्हा."

"आवं, लेकरू पडलं म्हटल्यावर..."

"पुन्हा."

शिक्षक म्हणून सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं हेच खरं. एका दुपारी त्यांनी मोबाईलमधलं शाल्मलीचं लहानपणीचं रडणं बाईंच्या कानाशी लावलं. मूल हमसून हमसून "आई, आई" करत होतं. महानंदाबाईंची पापणी हलली नाही. सरांनी ते परत लावलं. नाही हलली.

"जमलं," सर म्हणाले. महानंदाबाईंनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि प्यायला पाणी मागितलं.

चाचणीच्या आदल्या रात्री क्लासची सगळी पोरं वसतिगृहावर झोपत. सकाळी आईच्या पाया पडून मगच केंद्रावर जायचं असं शाल्मलीनं ठरवलं होतं. ती आली तेव्हा दार उघडं होतं. आत उदबत्तीचा दाट वास. सर एका कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते, आणि समोरच्या भिंतीला टेकून, मांडी घालून, कपाळभर विभूती आणि गळ्यात हार घालून महानंदाबाई बसल्या होत्या.

शाल्मली हसली. "बास हं आई. ऊठ."

कुणी हललं नाही. शाल्मलीनं बापाकडं बघितलं. सर जमिनीकडं बघत राहिले. त्यांनी शपथ घेतली होती, ते एक अक्षरही बोलले नाहीत. मग ती जवळ गेली, गुडघ्यांवर बसली, आईच्या पायाला हात लावला. हात तसाच ठेवून ती बराच वेळ आईच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागली.

"आई," ती म्हणाली. "डोळे उघड. एकदाच उघड, मग मी जाते." थोड्या वेळानं पुन्हा, "ए आई. आई गं."

सर आता मान वर करून बघत होते, पण मुलीकडं नाही, बायकोच्या पापण्यांकडं. शाल्मलीचा आवाज चढत गेला, फाटला, आणि मग तिच्या घशातून नुसताच एक आवाज यायला लागला, ज्यात शब्द नव्हते. महानंदाबाईंच्या पापण्या दगडी होत्या. सरांना त्या क्षणी बायकोचा इतका अभिमान वाटला की त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. मग त्यांनी शाल्मलीला दंडाला धरून उठवलं आणि रिक्षात घातलं. ती मुकाट्यानं आली. गेटाशी तिनं चाळणी डोळ्यांवर चढवली आणि वळून न बघता आत गेली.

दुपारी ती परत आली तेव्हा दारात महानंदाबाई उभ्या होत्या. आंघोळ करून, केस धुवून, लेकीच्या आवडीची शेंगापोळी करून. त्या धावत गेल्या, लेकीला मिठी मारून रडायला लागल्या. "काही झालं न्हाई गं माय. मी हाय. ही बघ मी हाय."

"हो," शाल्मली म्हणाली. मिठीत ती सरळ उभी होती, हात खाली सोडून. "पेपर चांगला गेला. भूक लागलीय."

ती जेवली. शेंगापोळी चांगली झालीय म्हणाली. सरांना वाटलं, किती समजूतदार पोरगी. त्या संध्याकाळी महानंदाबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या. शाल्मलीनं वाटी त्यांच्या हातातून घेतली, आरशापुढं गेली आणि स्वतःच्या हातानं तेल लावून घेतलं. रोज तसंच. भिंतीपलीकडून आता हसणं येत नव्हतं, आणि सरांनी ते परीक्षेच्या थकव्यावर ढकललं.

निकाल लागला. शाल्मली जिल्ह्यात पहिली, राज्यात वरच्या यादीत, आणि वजावट शून्य. दिवसभर घरात पेढे, हार, फोटो, पाया पडणारी पोरं. संध्याकाळी गर्दी सरली आणि तिघंच उरली तेव्हा सर आरामखुर्चीत मागं रेलले.

"बघ शालू," ते म्हणाले. "एका सकाळचं रडणं होतं. त्याचं काय झालं बघ."

"पप्पा, मला माहीत होतं."

"काय?"

"आई जिवंत आहे ते." शाल्मली शांतपणे बोलत होती, एखादं गणित समजावून सांगावं तसं. "पायाला हात लावला तेव्हाच कळलं. गेलेलं माणूस इतकं गरम नसतं. मांडीवर डोकं ठेवलं तर पोटात गुडगुडत होतं तिच्या."

सर खुर्चीत ताठ झाले. "मग वजावट कशी झाली नाही? धक्काच बसला नाही तर..."

"बसला की. आधी मी खोटंच रडले. म्हटलं, आता उघडेल डोळे, आता हसेल. मग हाका मारल्या. तिचं काळीज इतकं जोरात पळत होतं पप्पा, मला कानानं ऐकू येत होतं. म्हणजे तिला माझं ऐकू येत होतं. मी मरतेय असं रडत होते आणि तिला ऐकू येत होतं. तरी तिनं उघडले नाहीत. आई मेली असती तर बरं, असं वाटलं मला. पेपरभर तेवढंच डोक्यात होतं. हात आपला चालत होता."

महानंदाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. "शालू, तुझ्यासाठीच केलं गं मी. तूच म्हणालीस ना, काय करू म्हणून..."

आता बापानं काहीतरी बोलायला हवं होतं, हे सरांना कळत होतं. चुकलो म्हणावं, उठून तिला जवळ घ्यावं, निदान मान तरी खाली घालावी. तसलं काहीतरी त्यांच्या मनात आलंही होतं, खोटं कशाला बोला. पण सगळा जन्म विचाराच्या आधी उत्तर देण्यात गेलेला माणूस तो. मनातलं वर यायच्या आत ओठांवर दुसरंच आलं.

"म्हणजे," सर म्हणाले, "पोरांनी ओळखलं तरी चालतं."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. पण ते खरंही होतं. वर्षभर ज्या प्रश्नापाशी ते अडून बसले होते तो सुटला होता. पोरांना आधी ठाऊक असलं तरी हरकत नव्हती, कळलं तरी हरकत नव्हती. आईनं तेवढं डोळे मिटून बसलं की झालं.

शाल्मली त्यांच्याकडं बघत होती. रागानं नाही.

"चालतं," ती म्हणाली. "उलट तेच जास्त चालतं. टिकतंपण."

ती आत गेली. कॉलेज लांबच्या शहरातलं होतं, निघायला अजून वेळ होता, पण तिनं माळ्यावरची बॅग खाली ओढली आणि कपाट उघडलं. महानंदाबाई तिच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"शालू," त्यांनी हाक मारली. "ए शालू. माझ्याकडं बघ गं एकदा. शिव्या दे, पण बघ."

शाल्मलीची पाठ दाराकडं होती. ती ओढण्यांच्या घड्या घालत होती. एकेक झटकायची, कडा जुळवायची, बॅगेत ठेवायची. महानंदाबाई हाका मारत राहिल्या. आवाज चढला, फाटला, मग नुसताच घोगरा श्वास यायला लागला. शाल्मलीचे हात एकदाही अडखळले नाहीत. तिला सगळं ऐकू येत होतं.

बाहेर सरांचा फोन वाजला. उदगीरचे एक पालक होते. अभिनंदन करून झाल्यावर ते जरा चाचरत म्हणाले, "सर, पोराला तुमच्याकडंच घालावं म्हणतो. पण पोरांना आता सगळं ठाऊक झालंय म्हणं. आज्यांचं काही चालत न्हाई म्हणं."

सरांनी एकदा आतल्या खोलीकडं बघितलं. तिथल्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून ते गॅलरीत गेले आणि मागं दार ओढून घेतलं.

"त्याची काळजी तुम्ही करू नका," ते म्हणाले. "जागा आहेत. प्रवेशाला येताना फक्त त्याच्या आईला सोबत घेऊन या."